न पाहिलेल्या सहीचा साक्षीदार

आबासाहेबांना कोणी "घड्याळ आहे का?" असं विचारलं, तर ते "आहे" म्हणतात आणि पुढे चालू लागतात. वेळ हवी असेल तर वेळ विचारावी, घड्याळाची चौकशी कशाला, असा त्यांचा हिशेब. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही. लहानपणी मला ही त्यांची गंमत वाटायची. चाळिशीत याच सवयीपायी मी त्यांच्यावर सहा महिने रागाने जळत होते, आणि आता त्याच माणसाबद्दल लिहायला बसले आहे.

आबासाहेब म्हणजे जयसिंगराव खलाटे, वय अठ्ठ्याऐंशी. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, वडील दरबारच्या कचेरीत. आबासाहेबांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, फक्त ताठ कणा आला. त्यांनी महूच्या एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं. रोज सकाळी इंदूरहून बसने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. स्वतःचा मुलगा यशवर्धन त्याच शाळेत होता. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड होती तेव्हा तो शंभर मीटरमध्ये पहिला आला. आबासाहेबांनी शिट्टी वाजवून सांगितलं, याचा पाय आधी हलला होता. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. यशवर्धन चार दिवस घरात जेवला नाही, असं मावशी सांगायची.

मावशी म्हणजे शांतामावशी, माझ्या आईची बहीण आणि आबासाहेबांच्या धाकट्या भावाची, तुकोजीरावांची बायको. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मावशीला मूल नव्हतं, तिने मला धारहून इंदूरला आणलं. लालबागच्या मागच्या बाजूला दोन्ही भावांचं घर होतं. वाटणीत खालचा मजला तुकोजीरावांना मिळाला आणि वरचा आबासाहेबांना. तुकोजीराव लवकर गेले आणि खालचा मजला मावशीच्या नावावर झाला. पुढे माझं लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि मी परत त्याच दोन खोल्यांत आले. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त माझ्या कपाटाची किल्ली शोधून दिली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या दोन खोल्या सोडल्या तर मला या जगात दुसरं घर नाही.

खलाट्यांच्या घरात जुनी रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर यायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. मावशी बाजारात जायची, बँकेत जायची, दूधवाल्याशी कडाकडा भांडायची. पण जिन्यावर आबासाहेबांची चप्पल वाजली की दाराआड. आबासाहेबही खाली आले की ओसरीवर थांबायचे, घसा खाकरायचे आणि दाराकडे पाठ करून बोलायचे. उत्तर द्यायचं काम माझं. "मावशी म्हणते, गॅसवाला उद्या येणार आहे." मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची आणि मी तिचं वाक्य दाराबाहेर नेऊन ठेवायची. मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. मोठी झाल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाली, "तुला काय त्रास आहे त्याचा?"

दोन हजार बावीसमध्ये मावशी गेली. तिने दहा वर्षांपूर्वीच मृत्युपत्र करून ठेवलं होतं, ते मला तिच्या साड्यांखाली सापडलं. खालचा मजला मधुरिमाला, म्हणजे मला, आणि तीच या कागदाची व्यवस्था पाहणारी. खाली मावशीची सही, आणि साक्षीदार दोन. एक शेजारचे गजानन नाईक, ते कोरोनात गेले. दुसरे जयसिंगराव खलाटे.

मावशीच्या डोक्याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. हे मृत्युपत्र नसतं तर नवऱ्याकडून आलेलं ते घर कायद्याने आबासाहेबांकडे गेलं असतं. ज्याचा हक्क जाणार त्याचीच सही तिने साक्षीदार म्हणून घेतली होती. आता भांडणार कोण?

भांडायला यशवर्धन उभा राहिला. त्याचं एका बिल्डरशी बोलणं चाललं होतं आणि बिल्डरला पूर्ण प्लॉट हवा होता. मी नगर निगममध्ये नामांतरणाचा, म्हणजे घर माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला, त्यावर त्याने आपत्ती, म्हणजे हरकत लावली. बाबू म्हणाला, वाद असेल तर आम्ही काही करू शकत नाही, कोर्टातून आणा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण घर हातचं जात असेल तर शहाणपण घेऊन जायचं कुठे?

माझी वकील सोनल. वयाने माझ्याहून लहान, बोलायला तिखट. तिने प्रोबेटचा अर्ज लावला. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाने मारलेला शिक्का, एवढं मला कळलं. पेपरात जाहीर सूचना छापून आली. मावशीचं नाव पेपरात पहिल्यांदा आलं आणि तेही असं. मग पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख. कधी जजसाहेब सुट्टीवर, कधी वकिलांचा संप, कधी समोरच्याला वेळ हवा. मी लॅबमधून अर्धी रजा टाकून जायची, बाकावर बसायची आणि लोकांची नावं पुकारलेली ऐकायची. त्या इमारतीत किती मेलेल्या माणसांची नावं रोज मोठ्याने घेतली जातात याची मला कल्पना नव्हती. मला दडपण यायचं. घरोघरची मरणं तिथे फायलींत बांधून ठेवली होती, आणि प्रत्येक फाईलमागे माझ्यासारखं कोणीतरी बाकावर बसलेलं.

यशवर्धनचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. घर एकत्र कुटुंबाचं आहे, आणि मृत्युपत्र रीतसर झालेलंच नाही. पहिली गोष्ट सोनलने वाटणीचा कागद दाखवून उडवली. दुसरीपाशी मात्र ती थांबली. तिने मला समोर बसवून सांगितलं की साक्षीदाराने सही करणाऱ्याला सही करताना डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर सही करणाऱ्याने स्वतः साक्षीदाराला कबूल केलेलं असलं पाहिजे, की ही सही माझी. दोन्ही नसेल तर मृत्युपत्र पडलं.

मावशीने सही केली तेव्हा मी लॅबच्या कामाने उज्जैनला होते. पण मला न पाहताही माहीत होतं की काय झालं असणार. आबासाहेब आत गेले नसणार आणि मावशी बाहेर आली नसणार. पाहणं तर शक्यच नव्हतं. आणि बोलणं? ती आयुष्यात त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. इंदुरात रोज शेकडो मृत्युपत्रं होत असतील, पण साक्षीदार ओसरीवर आणि सही आतल्या खोलीत, ही चूक आमच्या घराशिवाय कोण करणार?

सोनलने आबासाहेबांसाठी शपथपत्र तयार केलं. त्यात नेहमीची ओळ होती, की शांताबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी तो कागद घेऊन वर गेले. आबासाहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीवर काट मारली.

"पाहिलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, आबासाहेब, सगळेच असं लिहितात, ही फक्त ठरलेली ओळ आहे. त्यांनी पेन परत खिशाला लावलं. मी म्हटलं, ही ओळ गेली तर माझं घर जाईल. ते म्हणाले, "माहीत आहे." मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना नको ते बोलले. मुलाची बाजू घ्यायची आहे तर सरळ घ्या, सत्याचं सोंग कशाला, असंही म्हणाले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, ऐकून घेतलं आणि काट मारलेला कागद घडी करून परत दिला. त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यावर ते दिसले की मी आत जायची, मावशीसारखी, फक्त माझ्या मनात आदर नव्हता.

दुसरा साक्षीदारच नव्हता, तेव्हा सोनलला त्यांना समन्स काढून बोलवावं लागलं. ती म्हणाली, "रिस्क आहे, मधुरिमा. पण याच्याशिवाय आपल्याकडे काहीच नाहीये."

पेशीच्या दिवशी ते यशवर्धनच्याच गाडीतून आले. डोक्याला फेटा नाही, पण पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. अर्दलीने, म्हणजे कोर्टाच्या शिपायाने, नाव पुकारलं तेव्हा त्यांनी काठी माझ्या शेजारच्या बाकावर ठेवली आणि काठीशिवाय चालत साक्षीदाराच्या कठड्यात गेले. बसायला खुर्ची देऊ केली ती घेतली नाही. शपथ घेतली. कोर्टातलं बोलणं हिंदीत झालं, मी इथे बरंचसं मराठीत सांगते आहे.

सोनलने जपून विचारलं. मृत्युपत्रावरची ही सही तुमची का? हो. गजानन नाईकांची का? हो. त्यांनी तुमच्या शेजारी बसून केली? हो. तुमची प्रकृती, स्मरणशक्ती ठीक? हो. एवढ्यावर ती थांबली. पुढचा प्रश्न तिला परवडणारा नव्हता.

यशवर्धनचे वकील उठले. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो त्यांनी सावकाश विचारला.

"क्या आपने शांताबाई को दस्तखत करते हुए देखा?"

"नहीं. देखा नहीं," आबासाहेब म्हणाले.

वकील खाली बसले. टायपिस्टने ते वाक्य टाईप केलं. संपलं, असं मला वाटलं. मी खोल्यांतलं सामान मोजायला लागले होते, काय न्यायचं आणि काय विकायचं. यशवर्धन खिडकीबाहेर पाहत होता. आबासाहेब मात्र कठड्यात तसेच उभे होते, कारण त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

जजसाहेबांनी मृत्युपत्राची फाईल पुन्हा उघडली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "पाहिलं नाही, तर मग तुम्ही सही कशाच्या भरवशावर केलीत?"

हा प्रश्न सहा महिन्यांत त्यांना कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी फक्त भांडले होते.

आबासाहेब म्हणाले, "मी विचारून सही केली."

आणि मग त्यांनी सांगितलं. ते आणि गजाननराव ओसरीवर बसले होते. दार अर्धं लोटलेलं, आणि मावशी दारामागे. तिने सही केलेला कागद तबकात घालून उंबऱ्याबाहेर सरकवला. आबासाहेबांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मग त्यांनी दाराला विचारलं.

"काय विचारलं?" जजसाहेब म्हणाले.

"तीन गोष्टी. ही सही तुमची आहे का? कडी वाजली. तुमच्या खुशीने केली का? कडी वाजली."

जजसाहेबांना कडीचं कळलं नाही. आबासाहेबांनी त्यांना आमच्या घरची रीत सांगितली, कमी शब्दांत आणि जराही न लाजता. मधुरिमा घरी असली की निरोप तिच्या तोंडी यायचा. ती नसली की धाकट्या वहिनी आवाज करून उत्तर द्यायच्या. आवाज एकदा झाला तर हो, आणि झालाच नाही तर नाही. "पहले चूड़ियाँ बजाती थीं साहब. छोटा भाई गया, तो फिर कुंडी."

मी त्या घरात तेहतीस वर्षं राहिले आणि हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी घरात नसतानाच ते घडायचं. मला वाटायचं, माझ्यावाचून या दोघांचं पान हलत नाही. आणि इकडे माझ्या पाठीमागे, दाराच्या दोन बाजूंना उभं राहून, दोन म्हातारी माणसं सगळा संसार बोलत होती.

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि तिसरी गोष्ट?"

आबासाहेब पहिल्यांदाच थोडं थांबले. "तिसरं विचारलं, या कागदात माझ्या घराला काही नाही, माझ्या मुलालाही नाही, हे समजून केलं आहे ना?" ते म्हणाले. "तेव्हा जरा जोरात वाजली."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कशी वाजली ते दाखवाल? आबासाहेबांनी बोटाचं पेर वाकवलं आणि कठड्याच्या लाकडावर एकदा ठोकलं. एवढासा आवाज. जजसाहेबांनी टायपिस्टला सांगितलं, लिहा, साक्षीदाराने लाकडावर एकदा ठोकून दाखवलं.

यशवर्धनचे वकील ताडकन उठले. कडी कोणीही वाजवू शकतं, ते म्हणाले. ज्या बाईचा चेहरा तुम्ही कधी पाहिला नाही, दारामागे तीच होती हे कशावरून?

आबासाहेब त्यांच्याकडे वळले. "मला साखर निघाली ते डॉक्टरने मंगळवारी सांगितलं. मी घरात अजून कोणाला बोललो नव्हतो, फक्त गोळ्यांचं पाकीट घेऊन ओसरीवरून वर गेलो. बुधवारी खालून आलेला चहा बिनसाखरेचा होता." मग म्हणाले, "चेहरा पाहिला आहे. एकदा. त्या गेल्या त्या दिवशी. पण ओळखत मी आधीपासून होतो."

वकिलांनी एक शेवटचा प्रश्न विचारला. हे मृत्युपत्र पडलं तर घर तुम्हालाच मिळेल, हे माहीत आहे का? आबासाहेब "माहीत आहे" म्हणाले. माझ्याशी बोलताना ज्या आवाजात म्हणाले होते, अगदी त्याच.

मी खरं सांगते, मला त्या क्षणी घराचं काहीच वाटलं नाही. राहिलं तरी चालेल, गेलं तरी चालेल. खोटं एका शब्दाचं होतं, सोपं होतं, आणि ते बोलून त्यांना मला वाचवता आलं असतं. आणि जे खरं होतं ते अर्धंच ठेवून त्यांना मुलाला घर देता आलं असतं. दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं ओढत असताना हा माणूस मधोमध काठीशिवाय उभा होता. माणूस इतका सरळ असू शकतो हे मी आधी पाहिलं नव्हतं, आणि तो इतकी वर्षं माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता.

साक्षीच्या कागदावर सही करून ते बाहेर आले. व्हरांड्यात मी त्यांची काठी त्यांना दिली आणि वाकून पाया पडले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच त्यांनी विषय संपवला. "रजा अर्ध्या दिवसाची आहे ना? लॅबला जा," ते म्हणाले. खाली यशवर्धन गाडीचं दार उघडून उभा होता. तो वडिलांशी बोलला नाही, पण ते नीट बसेपर्यंत त्याने दार धरून ठेवलं.

चार महिन्यांनी निकाल लागला. कबुली तोंडीच असली पाहिजे असं नाही, खुणेने किंवा वागण्यातून दिलेलीही कबुलीच, असं जजसाहेबांनी लिहिलं. साक्षीदाराबद्दलही एक ओळ होती, की ज्याला हे मृत्युपत्र पडल्याने फायदा होता त्याच्याच बोलण्याने ते टिकलं. मी ती ओळ सोनलला तीनदा वाचायला लावली. सोनल म्हणाली, आनंद करा पण पेढे थांबवा, समोरचा हायकोर्टात जाईल. अपिलाची मुदत संपेपर्यंत मी रोज डाकवाल्याची वाट पाहत होते, भीतीने.

मुदत संपायला आठवडा होता तेव्हा यशवर्धन खाली आला. रविवारची सकाळ. ओसरीवर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"अपील नाही करत मी," तो म्हणाला. "बिल्डरला पण नाही बोलून दिलं."

मी चहा टाकू का विचारलं. तो मान हलवून नाही म्हणाला, आणि बराच वेळ चपलेच्या टोकाने फरशी उकरत राहिला.

"एक बात सांगू, मधु? काकूच्या कागदावर सही करायच्या आधी आबा मला घेऊन बसले होते. बोलले, यात तुझं नाव नाहीये, मी सही करू का? मी बोललो, करा ना, मला क्या करायचंय." त्याने वर गॅलरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशी कोर्टात पूरा टाईम मी हाच विचार करत बसलो होतो, की आता बोलतील, आता बोलतील. वकिलाने विचारलंच नाही."

"त्यांनी नंतर तुला काही म्हटलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. आजतक नाही." तो हसल्यासारखं करून थांबला. "भर कोर्टात सांगितलं असतं ना त्यांनी, तर मी सुप्रीम कोर्टापर्यंत लढलो असतो."

एवढं बोलून तो वर गेला. आबासाहेबांच्या गोळीची वेळ झाली होती.